या सहामाहीचा बर्ट

विजूताईंनी मला माझ्या नावानं कधी हाक मारल्याचं आठवत नाही. नेदरलँड्समधलं माझं गाव लायडन, म्हणून त्यांच्या लेखी मी लायडन होते. "काय लायडन, जेवलीस का?" "लायडन, अगं वारा बघ केवढा सुटलाय, आज सायकल काढू नकोस." आइंडहोवनचा प्रसाद हा नुसता आइंडहोवन. आम्स्टलव्हेनहून आमच्या मराठी मंडळात तिघी बायका यायच्या, त्या तिघी मिळून एक आम्स्टलव्हेन. स्वतःबद्दलसुद्धा त्या "उइटहॉर्नला वाटतं की पोहे पुरणार नाहीत" असं म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी ते घरी येऊन नवऱ्याला सांगितलंही होतं.

ठेंगणी मूर्ती, कापसासारखे पांढरे केस, कार्यक्रमाला नेसलेली इरकली आणि तिच्याखाली सायकलचे जाड बूट. "पाय गारठले की माणूस कसला प्रसन्न राहणार?" असा त्यावर खुलासा. हातात कायम पत्र्याचा निळा बिस्किटांचा डबा. नव्या मुलांना वाटायचं, आजी खाऊ देणार. त्या डब्यातून बिस्कीट निघालेलं मी एकदाही पाहिलं नाही. त्यात जाड पुठ्ठ्याच्या दुमडलेल्या पाट्या असत, प्रत्येकीवर काळ्या मार्करनं, टपोऱ्या देवनागरीत एकेका गावाचं नाव. शिवाय एक लवंगांची डबी. तिच्याबद्दल पुढे सांगते.

पाट्यांचं हे वेड त्यांना नोकरीतून लागलं. विजूताई मिरजेच्या. नवरा अरविंदराव इथं कंपनीत इंजिनिअर म्हणून आला, त्याच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर ह्या आल्या, तीस वर्षांपूर्वी. मुलगी शाळेत जायला लागल्यावर बैठकांची व्यवस्था बघणाऱ्या एका कंपनीत त्यांना काम मिळालं. खुर्च्या मांडायच्या, पाणी ठेवायचं, पाट्या लावायच्या. पुढे काही वर्षांनी युरोपातल्या देशांच्या संघाचं अध्यक्षपद सहा महिन्यांसाठी नेदरलँड्सकडे आलं आणि आम्स्टरडॅममध्ये मंत्र्यांच्या बैठकांची रीघ लागली. विजूताई त्या सहा महिन्यांबद्दल माहेरपणाबद्दल बोलावं तशा बोलत.

पहिल्याच बैठकीत त्यांनी घोटाळा केला. टेबलाच्या टोकाला अध्यक्षांची खुर्ची. तिथं डच मंत्री बसणार हे त्यांना सांगितलेलं होतं. बाजूच्या रांगेत बघतात तर नेदरलँड्सची आणखी एक पाटी, आणखी एक खुर्ची. त्यांनी विचार केला, मंत्री तर तिकडे टोकाला बसणार, मग ही जागा रिकामी राहणार. भरल्या पंगतीत मोकळं पान बरं दिसत नाही. पाटी उचलली, खुर्ची भिंतीला लावली, बाकीच्या सरकवून जागा सारखी केली. थोड्या वेळानं फायलींचा गठ्ठा घेऊन डच सरकारचा एक अधिकारी आला आणि आपल्याच देशात आपली खुर्ची शोधत टेबलाला दोन फेऱ्या घालून गेला.

"मला वाटलं, आता माझी नोकरी गेली," विजूताई सांगायच्या. "पण आमची सुपरवायझर चांगली होती. मला कोपऱ्यात नेऊन म्हणाली, जो अध्यक्ष असतो ना, त्याला स्वतःच्या देशाची बाजू मांडता येत नाही. त्यानं सगळ्यांचं ऐकायचं. मग त्याच्या देशानं काय तोंड शिवून बसायचं? म्हणून त्या देशाचा दुसरा माणूस दुसऱ्या खुर्चीत बसतो. लायडन, मी त्या रात्री घरी येऊन यांना म्हटलं, अहो, आपल्याकडे सासूबाई घर चालवायच्या आणि सून म्हणून माझी बाजूही त्याच मांडायच्या. दुसरी खुर्चीच नव्हती हो."

तेव्हापासून त्यांना या पाळीचा नादच लागला. मंत्रिमंडळात कोण आहे, निवडणूक कोण जिंकलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना सहा महिन्यांनी खुर्ची कुणाकडे जाते एवढंच बघायचं असे. "आमच्यानंतर स्लोव्हाकिया, मग माल्टा," हे त्या सोयरिकीच्या सुरात सांगत. माल्टावर त्यांचा विशेष जीव. "सांगली-मिरज मिळून होतील तेवढी माणसं असतील त्या देशात. पण त्याची पाळी जर्मनीएवढीच, सहा महिने. एक दिवस कमी नाही. लहान गावाची पाळी लहान नसते." हे शेवटचं वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की आता ते मला आईच्या आवाजात आठवतं.

आमचं मंडळ पूर्वी एकदा फुटलं होतं. एकच गृहस्थ वर्षानुवर्षं अध्यक्ष. माणूस कामाचा होता, पण खुर्चीला इतका चिकटला की शेवटी लोकांनी खुर्ची तिथंच ठेवून स्वतः उठून जायचं ठरवलं. टाळेबंदी उठल्यावर पाच गावांतली माणसं पुन्हा एकत्र आली, तेव्हा विजूताईंनी निळा डबा उघडला. गावागावानं सहा-सहा महिने. पहिला कोण यावर वाद नको म्हणून मराठी वर्णमालेप्रमाणे क्रम. देशांच्या संघातही पूर्वी प्रत्येकाच्या स्वतःच्या भाषेतल्या नावानुसार क्रम लावायचे, असा त्यांनी दाखला दिला. आइंडहोवन, आम्स्टलव्हेन, उइटहॉर्न, युट्रेख्ट, लायडन. नियम करणारी बाई स्वतः तिसरी आली आणि मी, लायडनच्या चार घरांपैकी एक, शेवटून पहिली. मी मनात म्हटलं, सुटले. दोन वर्षांत कोण जगतंय नि कोण मरतंय.

आता बर्ट. 'पाळी' म्हटलं की आमच्यातल्या अर्ध्या बायका गालात हसायच्या आणि पुरुष छताकडे बघायला लागायचे. तेव्हा विजूताईंनी आपली गोष्ट सांगितली. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या उइटहॉर्नच्या बेकरीत पाव आणायला गेल्या. इथल्या दुकानांत रांग नसते. आत आलं की आपल्या आधी कोण आहे ते ज्यानं त्यानं ध्यानात ठेवायचं. काउंटरवरची मुलगी विचारते, "वी इस एर आन दे बर्ट?" म्हणजे, कुणाची पाळी आहे? विजूताईंना डच येत नव्हतं. त्यांना वाटलं, ती बर्ट नावाच्या माणसाला शोधतेय. दर वेळी मुलगी बर्टला हाक मारी, आणि दर वेळी कुणीतरी वेगळाच माणूस पुढे होई. "मी म्हटलं, या गावात सगळ्यांचीच नावं बर्ट की काय? बायकासुद्धा बर्ट? माझ्याकडे बघून तिनं विचारलं तेव्हा मी चक्क सांगितलं, नो नो, आय ॲम विजया." शेवटी एका आजीबाईंनी कोपरानं ढोसून त्यांना पुढे ढकललं, पाव मिळाला, आणि शब्दही कळला. आम्ही हसून हसून लोळलो. त्या दिवसापासून मंडळात अध्यक्ष हा शब्दच गेला. या सहामाहीचा बर्ट कोण, एवढंच विचारायचं. माझी लेक गाडीत बसता बसता, "आई, इज बर्ट कमिंग टुडे?" असं विचारायची, आणि बर्ट दर सहा महिन्यांनी चेहरा का बदलतो हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

आपली पाळी नसताना गप्प बसणं हे विजूताईंच्या स्वभावात नव्हतं. पण नियम त्यांचाच, मग तोडणार कशा? त्यासाठी ती लवंगांची डबी. दुसऱ्या गावाची सहामाही चालू असली की बैठकीत त्या तोंडात लवंग धरायच्या. बोलावंसं वाटलं की ती दाताखाली दाबायची. आइंडहोवनच्या गुढीपाडव्याला प्रसादनं सगळं चोख केलं होतं, लॅपटॉप, स्पीकर, पडद्यावर रांगोळीची चित्रं. फक्त जेवण आधी आणि भाषणं नंतर ठेवली, त्यामुळे भाषणांना ऐकायला भाषण करणारेच उरले. विजूताई कोपऱ्यात बसून लवंगेवर लवंग चावत होत्या. परतताना मी विचारलं, कसा झाला कार्यक्रम? तर त्यांना धड बोलताच येईना, जीभ बधिर झाली होती. "छाऽऽन," एवढंच म्हणाल्या.

एकदा मात्र त्या घसरल्या. आम्स्टलव्हेनची सहामाही असताना त्यांनी हॉलच्या राखणदाराला परस्पर फोन करून खुर्च्या अर्धवर्तुळात लावायला सांगितल्या. खुर्च्या खरंच छान दिसत होत्या, कुणाला पत्ताही लागला नसता. पण कार्यक्रमाच्या आधी त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आम्स्टलव्हेन, माझी चूक झाली. बर्ट तुम्ही होतात आणि हुकूम मी सोडला." त्या तिघी बिचाऱ्या लाजून लाल. मला तेव्हा हे जरा अतीच वाटलं. घरी कुणी न सांगता खुर्च्या लावून दिल्या तर मी त्याचे पाय धरीन.

माझी आणि त्यांची गट्टी कशी जमली हे मलाही नीट सांगता येणार नाही. मी लायडनच्या एका प्रयोगशाळेत काम करते. मीही डिपेंडंट म्हणून आलेली, पाच वर्षं घरी बसलेली, आणि चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की मागच्या ओळीत सरकणारी. विजूताई रोज संध्याकाळी फोन करायच्या, मी भाजी चिरता चिरता ऐकायची. त्यांच्या घरातही पाळीच चालायची. "या देशात आलो ती यांची पाळी होती. हे रिटायर झाल्यावर यांना मिरजेला परत जायचं होतं, पण मला इथं राहायचं होतं, तर राहिलो. ती माझी पाळी. आता गुडघे धरलेत यांचे, भावाच्या अंगणात ऊन खात बसायचंय म्हणतात. आता यांची पाळी. पण मी सांगून ठेवलंय, लायडन बर्ट होईपर्यंत थांबायचं. पाचही गावांचा एक फेरा पुरा झाला की मला कळेल, हे माझ्यावाचून चालतं." मी हूं हूं करायची. त्यांना वाटायचं, मी त्या दिवसाची वाट बघतेय. तो दिवस कधी येऊच नये असं मला वाटायचं, हे त्यांना सांगायचं धैर्य मला झालं नाही.

उइटहॉर्नची सहामाही आली. विजूताई बर्ट झाल्या आणि लवंगांची डबी बंद झाली. सहा महिने त्यांनी असे साजरे केले की विचारू नका. आणि मे महिन्यात युट्रेख्ट संपलं. तिथं आमची सगळी विद्यार्थी मंडळी. कुणाला नोकरी लागली, कुणी जर्मनीला गेलं, कुणी पुण्याला परतलं. शेवटचा उरलेला मुलगा पाटी परत द्यायला आला, तेव्हा विजूताईंनी त्याला जेवायला वाढलं आणि ती पाटी डब्याच्या तळाशी ठेवली. मला फोनवर म्हणाल्या, "ब्रिटननं संघ सोडायचं ठरवलं, तेव्हा त्यांची पाळी तोंडावर आली होती. त्यांनीच कळवलं, आम्ही घेत नाही. मग एस्टोनिया सहा महिने आधी उभा राहिला. इवलासा देश. राहिला की नाही उभा?" म्हणजे काय ते मला कळलं. आता उइटहॉर्ननंतर लायडन. माझ्या हातातली सुरी भेंडीवर तशीच थांबली.

आठ दिवसांनी प्रसादचा फोन आला. अत्यंत भला मुलगा. त्याच्याकडे साठ घरं, हाताशी माणसं, उत्साह दांडगा. म्हणाला, "अगं, मी जूनच्या मीटिंगला एक प्रपोजल मांडणार आहे. ही पाळी बंद करू. तीन वर्षांसाठी एकच अध्यक्ष. कुणी नसेल तर मी करतो. तू चार घरांत कुठं धावपळ करणार? तुझी नोकरी, लहान मुलगी. फक्त तुझी पाळी तू स्वतः सोडायला हवीस, तसा ताईंचा नियमच आहे. दुसऱ्यानं हिसकावायची नाही." मी म्हटलं, सोडते. इतक्या पटकन म्हटलं की त्यानं परत विचारून खात्री करून घेतली. मला तर सुंठीवाचून खोकला गेल्याचा आनंद झाला होता.

प्रसादनं रीतसर प्रस्ताव विजूताईंना कळवला, मी पाळी सोडणार आहे हेही कळवलं. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बैठकीपर्यंत दोन आठवडे फोन वाजला नाही. मला वाटलं, रागावल्या. मग एका संध्याकाळी कांदा चिरताना एकदम लक्षात आलं. त्या बर्ट होत्या. बर्टनं कुणाचं मन वळवायचं नसतं. तेव्हा मात्र मला रडू आलं, आणि कांदा असल्यामुळे घरात कुणाला कळलं नाही.

बैठक उइटहॉर्नच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत होती. टोकाला विजूताई. समोर चार पाट्या. आइंडहोवन, आम्स्टलव्हेन, लायडन, आणि उइटहॉर्नच्या पाटीमागे अरविंदराव. त्यांना तिथं बघून सगळे चाट पडले. हा माणूस मंडळात दीड वर्ष येत होता आणि "नमस्कार" आणि "चहा आहे का" या पलीकडे काही बोलल्याचा पुरावा नव्हता. विजूताईंच्या संसारात बोलण्याचं खातं त्यांच्याकडे कधीच नव्हतं.

प्रसादनं मुद्दे मांडले. "ताई, कंटिन्युइटी राहत नाही. दर सहा महिन्यांनी नवा माणूस, नवा पासवर्ड. हॉलवाल्याला परत पहिल्यापासून ओळख द्यायची. युरोपातसुद्धा वर एक कायमचा अध्यक्ष आहेच की."

"नोंदवलं," विजूताई म्हणाल्या. "तो देशांच्या प्रमुखांच्या बैठकीचा. तोही काही वर्षांनी बदलतो. मंत्र्यांच्या बैठकांना अजून पाळीच आहे. आणि तीन-तीन देश मिळून दीड वर्षाचं काम आधी आखतात, म्हणजे धागा तुटत नाही. ही माहिती झाली. मत नव्हे."

"आणि लायडनवर उगाच लोड येणार," प्रसाद म्हणाला. "तिनंच मला सांगितलंय, तिला नकोय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. विजूताईंनी पाहिलं नाही. "लायडनला नंतर विचारू. क्रमानं जाऊ. उइटहॉर्नचं म्हणणं काय?"

अरविंदरावांनी पाटी सरळ केली. ती सरळच होती.

"मला बोलता येत नाही," ते म्हणाले. "हिनं बसवलंय म्हणून बसलोय. काय बोलायचं ते हिनं सांगितलेलं नाही, सांगत नाही म्हणाली. बर्टची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकलीय. ही फार हसवून सांगते. पण त्या आजीबाई त्या दिवशी नव्हत्या. त्या भेटल्या पुढच्या वर्षी. त्या दिवशी ही अर्धा तास उभी राहिली आणि पाव न घेता घरी आली. मी ऑफिसातून आलो तर डोळे सुजलेले. मला म्हणाली, इथं माझं नाव कुणी घेणार नाही. त्यानंतर वर्षभर ती त्या दुकानात गेली नाही. मी पाव आणायचो."

ते थांबले. आम्हाला वाटलं, संपलं. विजूताई टेबलावरचं पाणी बघत होत्या.

"आता हे हिलाही ठाऊक नाही," ते पुढे म्हणाले. "मला ऑफिसात डचचा क्लास होता. बर्ट म्हणजे पाळी, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मी हिला सांगितलं नाही. म्हटलं, कशाला हिला त्रास, मी आणतोच आहे की. माझ्या वाटेवरच दुकान होतं. सोयीचं होतं सगळ्यांना. फक्त हिला वर्षभर वाटत राहिलं की आपल्याला ते जमणारच नाही. प्रसाद, तू चांगला मुलगा आहेस. मीपण वाईट नव्हतो रे."

प्रसाद खाली बघत होता. तीस वर्षांनी नवऱ्यानं चार लोकांत असं काही सांगितलं तर एखादी बाई उठून गेली असती, किंवा तिथंच खडाजंगी झाली असती. विजूताईंनी हळूच निळा डबा उघडला, त्यातून डबी काढली आणि एक लवंग तोंडात टाकली. बर्ट असताना त्यांनी लवंग खाल्लेली मी तेवढी एकदाच पाहिली. थोड्या वेळानं ती गालात सारून त्या म्हणाल्या, "उइटहॉर्नचं बोलून झालं?"

"झालं."

"आभारी आहे. लायडन?"

मी घरून वाक्य पाठ करून आले होते. लायडन आपली पाळी आनंदानं सोडत आहे. आनंदानं हा शब्द मुद्दाम घातला होता. मी म्हटलं, "लायडनला पाळी हवी." आणि मग, नियमात बसतं की नाही कोण जाणे, "पण मला भीती वाटते," असंही म्हटलं.

"दोन्ही नोंदवलं," विजूताई म्हणाल्या.

प्रसाद मोठ्या मनाचा निघाला. "मग मी प्रपोजल मागे घेतो," म्हणाला, "आणि लायडनला स्पीकर आइंडहोवनचे मिळतील. ते तीन गावांचं काय ते, दीड वर्षाचं, ते करू या का?" आम्स्टलव्हेनच्या तिघी एकदम हो म्हणाल्या. त्यांनी एकदम म्हटलेलं हे पहिलंच वाक्य असावं.

नंतर खालच्या छोट्या स्वयंपाकघरात मी कप विसळत होते. विजूताई बाजूला उभ्या राहून पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "तीस वर्षांनी यांची बोलायची पाळी आली आणि बघ काय बोलले." कप उलटा ठेवला. "वर्षभर बाई. मी त्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायची." मग बराच वेळ त्या एकच कप पुसत राहिल्या. "चांगला आहे तो माणूस. पण वर्षभर." त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढला नाही. गाडीत बसताना अरविंदरावांचा हात धरून त्यांना आधार देत होत्या, तो नेहमीपेक्षा घट्ट धरला होता की मला तसं वाटलं, ते सांगता येत नाही.

एक जुलैला त्यांनी निळा डबा माझ्या हातात दिला. "खुर्ची गरम झाली की उठायचं," एवढंच बोलल्या. माझी सहामाही कशी गेली ते मी सांगत नाही. पहिल्याच कार्यक्रमाला मी लहान मुलांच्या नाटुकल्याच्या वेळी हॉलचे दिवे चुकून सगळेच घालवले आणि ते परत कसे लावायचे हे अर्धा तास कुणाला सापडेना. प्रसादनं मोबाइलचा उजेड धरला. विजूताई मागच्या ओळीत होत्या. त्या अंधारातही मला लवंगेचा वास आला, आणि का कोण जाणे, धीर आला. कुणी मला एकही सूचना केली नाही. संपल्यावर त्यांनी जवळ येऊन विचारलं, "काय लायडन, जेवलीस का?"

सप्टेंबरात ती दोघं कायमची मिरजेला निघाली. जायच्या आदल्या शनिवारी मी मदतीला उइटहॉर्नला गेले. मदतीला म्हणजे, सगळं आधीच बांधून झालेलं होतं. विजूताई म्हणाल्या, "चल, पाव आणू."

तीच बेकरी. शनिवारची गर्दी. आम्ही दोघी आत शिरलो. त्या पुढे, मी मागे, हे मी नीट पाहिलं होतं, कारण आपल्या आधी कोण आहे ते ध्यानात ठेवायला त्यांनीच मला शिकवलं होतं. एकेक माणूस पुढे होत होतं, पिशव्या घेऊन बाहेर पडत होतं. दुकानात गरम पावाचा वास होता. आमच्या पुढचा म्हातारा निघून गेला, आणि काउंटरवरच्या मुलीनं मान वर करून विचारलं, "वी इस एर आन दे बर्ट?"

पाळी विजूताईंची होती. मी थांबून राहिले. मग माझ्या पाठीवर त्यांचा हात आला आणि त्यानं मला हलकेच पुढे सारलं. दुसऱ्या हातानं त्या मुलीला माझ्याकडे बोट दाखवत होत्या. "ताई, अहो, तुमची..." असं म्हणत मी वळले, तर त्या हसत होत्या आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं. इतक्या जवळून लवंगेचा वास आला.

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला सांगितलं, "मी." आणि दोन पाव मागितले, एक त्यांच्यासाठी.